लुंबिनीच्या गाडीचे वजन

रुपराव ढोके यांनी गाडी पहिल्यांदा पाहिली ती समोरून नव्हे, खालून. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या विहार समितीने एक जुनी डिझेलची मिनीबस विकत घेतली होती. सारी वस्ती तिच्या निळ्या रंगाचे कौतुक करीत असताना रुपरावांनी खाकी डगला चढवला, जमिनीवर पाठ टेकली आणि ते सरपटत तिच्या पोटाखाली गेले. बराच वेळ त्यांचे फक्त जोडे दिसत होते.

"काय दिसून राहिलं गा, रुपरावभाऊ?" समितीचे अध्यक्ष भैयाजी गजभिये यांनी पोट सावरत, वाकून विचारले.

"वरून नवरी आहे," खालून आवाज आला. "खालून सासू."

ही गाडी माघ महिन्यात नेपाळला जायची होती. जबलपूर, रेवा, प्रयाग, मग सारनाथ, गोरखपूर, कुशीनगर, सोनौलीच्या नाक्यावरून सरहद्दीपार आणि शेवटी लुंबिनी. वस्तीतून आजवर जे कोणी तिकडे गेले होते ते रेल्वेने, एकटे-दुकटे. म्हातारी माणसे, बाया, सारे मिळून आपल्या गाडीने देशाबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ. सरकारी तांत्रिक शाळेत मोटार मेकॅनिकचे वर्ग घेण्यात रुपरावांची सारी नोकरी गेली होती, म्हणून गाडीची आणि प्रवासाच्या आखणीची जबाबदारी समितीने त्यांच्यावर सोपवली.

रुपरावांनी ती घेतली याला आणखी एक कारण होते, आणि ते त्यांच्या घरी ओसरीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांची आई तुळसाबाई ऐंशीच्या घरात पोचली होती. छप्पन्न साली पांढरे लुगडे नेसून तिने दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, त्या दिवसापासून तिचे एकच मागणे होते: भगवंत जिथे जन्मले ती माती एकदा पायाखाली यावी. त्या दिवाळीत तिची छाती भरून आली तेव्हा रुपरावांनी तिला धंतोलीच्या डॉक्टरांना दाखवले होते. डॉक्टर म्हणाले होते, "आरामात, थांबत थांबत नेणार असाल तर या वर्षी न्या. पुढच्या वर्षाचं मला विचारू नका."

म्हणजे तिच्यासाठी ही गाडी, नाहीतर कोणतीच नाही.

*

दोन महिने रुपराव गाडीत राहिले म्हटले तरी चालेल. ब्रेकचे ड्रम त्यांनी लेथवर सारखे करून घेतले आणि त्यांच्यावर घासणारे नवे लायनर स्वतःच्या हाताने बसवले. रबरी नळ्या जुन्या दिसल्या त्या सर्व बदलल्या. ज्या बऱ्या दिसल्या त्याही बदलल्या. पंख्याचा जादा पट्टा, टायरची ट्यूब, जॅक, दोर, ब्रेक ऑइलचा डबा, मलमपट्टीची पेटी, तराईच्या डासांसाठी मलेरियाच्या गोळ्या, प्रत्येक वस्तूला त्यांनी गाडीत जागा नेमून दिली. ती वस्तू डोळे मिटूनही हाताशी आली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. नाक्यावर पलीकडच्या बाजूला गाडीची नोंद करावी लागते आणि तिकडे त्या कचेरीला भन्सार म्हणतात, ही चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती.

मग त्यांनी विहारात सर्वांना बसवून नियम सांगितले. दिवस मावळला की गाडी उभी राहील. उत्तरेत धुके असते. ऊन पडल्याशिवाय गाडी हलणार नाही. पाणी उकळूनच प्यायचे. आणि शेवटचे, "गाडीत जागा मानानं मिळणार नाही, वजनानं मिळेल. गाडीची एक ताकद आहे. त्यापुढे एक गाठोडंसुद्धा जाणार नाही. मग ते गाठोडं माझ्या घरचं असो की अध्यक्षांच्या."

महिला मंडळाची पंचफुला मागून म्हणाली, "भाऊ, तुमी आमाले लुंबिनीले नेऊन राहिले का परीक्षेले बसवून राहिले?"

"दोन्ही," रुपराव म्हणाले.

"मंग नापास झाल्यावर कुठं उतरवसान, ते बी सांगून ठेवा. त्या गावात सोयरे हायेत का पाहा लागन."

सारे हसले, रुपरावही हसले. पण नियम तोच राहिला.

*

जाण्याआधी त्यांनी एक पूर्ण तालीम ठरवली. सारी माणसे, सारे सामान, जसे जायचे तसे. आधी कामठी रोडवरच्या लाकूड कापायच्या आरा मशीनजवळच्या धरमकाट्यावर गाडीचे वजन, मग रामटेकचा गड. गडावर चढायचे ते रस्त्याच्या उतारासाठी. पुढे सातपुड्याचा घाट लागणार होता आणि त्याची चव गाडीने इथेच घ्यावी, असा त्यांचा विचार.

धरमकाट्याची खोली रस्त्याच्या उजव्या अंगाला होती. बाहेर जमिनीत लोखंडी फळी. तिच्यावर गाडी उभी राहिली की आत खोलीत दांडी उचलली जायची, आणि दांडीवरचे वजन सरकवून ती समतोल करायची. गाडी चालवायला चंपतराव होते, एस.टी.तून निवृत्त झालेले, हाताने शांत आणि तोंडाने त्याहून शांत. त्यांनी गाडी फळीवर नेमकी उभी केली. रुपराव आत गेले. काटेवाल्याला बाजूला सारून त्यांनी स्वतः दांडीपुढे बसून वजन सरकवायला सुरुवात केली. दांडी डुलत होती. ती थांबेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. बाहेर गाडीच्या डाव्या अंगाचे दार एकदा करकरले. त्या दाराला तेल द्यायचे राहिले आहे, एवढीच नोंद त्यांच्या मनाने घेतली.

वजन त्यांच्या अंदाजापेक्षा बरेच कमी भरले.

रुपरावांना बरे वाटले. दोन महिने गाठोड्यांवरून ते साऱ्यांशी भांडत होते, त्याचे हे फळ, असे त्यांनी धरले. भैयाजींनी संधी साधली. लुंबिनीच्या धर्मशाळेत भिक्खूंना भोजनदान द्यायला रामटेककडच्या शेतातला चिन्नोर तांदूळ त्यांनी पोत्यांत भरून ठेवला होता, आणि रुपरावांनी त्याला साफ नकार दिला होता.

"आता तं जागा हाय ना?" भैयाजी म्हणाले.

रुपरावांनी हिशेब केला. जागा होती. "चढवा," ते म्हणाले.

पोती टपावर चढली. रुपरावांच्या हातून हिशेबाबाहेर काही घडले नव्हते. फक्त हवा तसा आकडा आला की तो दुसऱ्यांदा तपासायचा, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेले वाक्य त्या दिवशी त्यांना आठवले नाही.

*

गड चढताना गाडी कुरकुरली, पण चढली. वर सर्वांनी शिदोऱ्या सोडल्या. तुळसाबाईने दूरच्या नागार्जुनाच्या टेकडीकडे पाहून हात जोडले आणि अर्धी भाकर खाल्ली. उन्हे कलायच्या आत उतरणीला सुरुवात झाली.

रुपराव चंपतरावांच्या मागच्याच बाकावर होते. दुसऱ्या वळणाआधी त्यांना वास आला. लायनर जळल्याचा वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता. तिसऱ्या वळणावर चंपतरावांचा पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेला होता आणि गाडी तरीही सरकत होती. वेगाने नव्हे, पण ऐकत नसलेल्या बैलासारखी.

"पहिला गियर," रुपराव हळू म्हणाले.

"टाकून राहिलो." चंपतरावांनी गियर पाडला, हातब्रेक ओढला आणि डावी चाके रस्त्याच्या कडेला टाकलेल्या मुरमाच्या ढिगात घातली. गाडी फुसकन बसली आणि थांबली. डाव्या खिडकीतून खाली पळसाची झाडे दिसत होती, त्यांचे शेंडे.

"इथं च्या प्यायचा हाय का?" मागून पंचफुलाने विचारले. बहुतेकांना काही कळलेच नव्हते.

रुपरावांनी सर्वांना उतरवून सावलीत बसवले आणि चाकांना दगड लावले. ड्रमवर पाणी शिंपडले तर ते सुर्रकन उडून गेले. ड्रम थंड होईपर्यंत ते थांबले, मग एक चाक उघडून पाहिले. त्यांनी बसवलेले लायनर करपून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. बाकी सारे जागच्या जागी होते. तेल गळत नव्हते, नळी फुगली नव्हती. वजन तर त्यांनी स्वतः केले होते. मग उरले काय? उरले त्यांचे हात.

बराच वेळ ते चाकाशी उकिडवे बसून राहिले. शेवटी उठून हात पुसत ते सर्वांपुढे आले.

"गाडीचं वजन बरोबर होतं," ते म्हणाले. "तरी ब्रेक तापले. म्हणजे माझ्या कामात कुठंतरी खोट आहे, आणि ती मला सापडत नाही. जी खोट सापडत नाही ती घेऊन मी तुम्हांला घाटात नेणार नाही. यंदा जाणं रद्द करा."

चंपतरावांनी एकदा तुळसाबाईकडे पाहिले आणि मान खाली घातली. भैयाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आईकडे पाहणे रुपरावांनी टाळले. ती पळसाखाली बसली होती आणि तिच्या हातातली तंबाखू मळायची थांबली होती.

मग तीच बोलली. "रुपा, तुह्या हातात खोट नाही."

"माय, तुले काय समजते त्यातलं."

"ब्रेकातलं नाही समजत. काट्यातलं समजते." तिने गाडीकडे मान केली. "तू काट्यावर वजन करून राहिला होता, तवा आमी गाडीत नव्हतो."

रुपरावांना अर्थ लागेना. "कोण आमी?"

"साऱ्या बाया. डाव्या दारानं उतरलो, गाठोडे घेऊन. लाकडाच्या थप्पीमागं उभ्या राहिलो. माणसं पुढं बसले होते, त्याईले वाटलं पाय मोकळे कराले उतरल्या. गाडी काट्यावरून उतरली, मंग चढलो. पहिले मीच उतरली. मले पाहून बाकीच्या उतरल्या."

रुपराव चंपतरावांकडे वळले. चंपतराव म्हणाले, "आरशात दिसलं मले. बुढीनं हात केला, बोलू नोको म्हून. मले वाटलं, बायांचं वजन ते किती असन."

"अर्ध्या गाडीचं," रुपराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पंचफुलाने पदर सारखा केला. "काहून उतरल्या, माय?"

तुळसाबाईने तंबाखू डबीत परत टाकली. "तुह्या जन्माच्या आधीपासून मी जिनात जाओ. कपाशी वेचून, सरकी वेगळी करून. संध्याकाळी सुट्टी झाली का मुकादम दारात काटा मांडे, अन् एकेका बाईले त्याच्यावर उभी करे. सकाळी किती होती, आता किती हाय. लुगड्यात कापूस तं नाही लपवला. माणसं बाजूनं उभे राहून पाहात, हसत. एकदा सुट्टीच्या वक्ताले माही सासू पावसात भिजली, वजन वाढलं, तं तिले लुगडं पिळून दाखवा लागलं. त्या दिवशी आमी ठरवलं, काट्यावर आता ढोरं चढतीन, आमी नाही. ह्या बाया माह्याच हाताखाली वाढल्या. त्याईलेबी तेच शिकवलं मी."

रुपरावांनी हे कधी ऐकले नव्हते. आईने जिनात काम केले हे त्यांना ठाऊक होते. शाळेची फी तिथूनच आली होती. ते मुरमाच्या ढिगावर बसले. त्यांना आता दांडीपुढे बसलेला आपलाच पाठमोरा आकार दिसत होता आणि ते दार पुन्हा करकरताना ऐकू येत होते. मान वळवली असती तर खिडकीतून गाडीतले रिकामे बाक दिसले असते.

"ब्रेक चांगले हायेत मंग," चंपतराव म्हणाले.

"ब्रेक चांगले आहेत. वजन जास्त आहे."

भैयाजींनी सुटकेचा श्वास टाकला. "तं सोपं झालं. दोन-चार जण कमी करू. बुढ्या माणसाईले कायले एवढा तरास? त्याईच्यासाठी तिकडून माती घेऊन येऊ, डब्बीत. घरबसल्या दर्शन."

ते रागाने बोलले नव्हते. त्यांना ती खरोखरच सोय वाटत होती. रुपरावांचे ओठ हलले, पण स्वतःचाच नियम आडवा आला. गाठोडे माझ्या घरचे असो, असे तेच म्हणाले होते.

"आधी खरं वजन," ते म्हणाले. "मग बोलू."

जड सामान आणि तांदळाची पोती गडाखाली एका ओळखीच्याकडे ठेवून, माणसांना एस.टी.ने पाठवून, रिकामी गाडी पहिल्या गियरवर हळूहळू गड उतरवून नागपूरला आणली.

*

लायनर बदलले. सामान परत आणले. पुन्हा वजन करायचा दिवस आला तेव्हा रुपरावांनी एक गोष्ट वेगळी केली. त्यांनी काटेवाल्याला चहा प्यायला पाठवले, दांडीपुढचे स्टूल पुसले आणि आईला हात धरून त्यावर बसवले.

"हे वजन असं सरकवायचं, माय. दांडी मधोमध थांबली की सांगायचं. पंचफुलाबाई, तुम्ही आकडा वाचा."

"अन् तू?"

"मी काट्यावर. आधी आम्ही पुरुषमाणसं."

तुळसाबाईने दांडीकडे पाहिले, मग मुलाकडे. "मुकादमाच्या जागी बसवलं तू मले."

आधी रिकामी गाडी, मग सामान एकेक करून, मग पुरुष. प्रत्येक वेळी बोटाने ती वजन ढकलायची आणि पंचफुला खणखणीत आवाजात आकडा वाचायची. भैयाजी चढले तेव्हा दांडी ताडकन वर गेली.

"भैयाजी," पंचफुला खिडकीतून म्हणाली, "लुगड्यात काही लपवलं तं नाही ना?"

बाया हसू लागल्या, आणि हसता हसताच त्यांतली एक गाडीत चढली. मग दुसरी. कोणी त्यांना म्हटले नव्हते. गाठोडी उघडली गेली. एका बाकाखालून चक्क पाटा-वरवंटा निघाला. तिकडे मसाला कशावर वाटायचा, असा त्यामागचा विचार होता. पंचफुलाही आकडे सोडून चढली, तेव्हा रुपराव गाडीतून उतरून तिच्या जागी खोलीत आले.

शेवटी तुळसाबाई स्टुलावरून उठली. "आता कोणी सरकवावं?"

"मी सरकवतो. पण तुह्या मनात नसन तं नोको चढू. अंदाजानं लिहितो."

"अंदाजानं लिहून तं ब्रेक जळले," ती म्हणाली आणि काठी टेकत गेली. चंपतरावांनी हात दिला. ती गाडीच्या पायरीवर चढली, आत बसली आणि खिडकीतून खोलीकडे पाहू लागली. या वेळी रुपरावही खिडकीबाहेर पाहत होते, म्हणून त्यांची नजरानजर झाली.

मग त्यांनी दांडीकडे पाहिले. दांडी किंचित उठली होती, वाऱ्याने उठावी तशी. त्यांनी धाकटे वजन बोटाने सरकवले आणि थांबले, कारण ते पुढे गेले असे त्यांना वाटले. तसे नव्हते. तेवढेच होते. ज्या बाईने डोक्यावर कापसाचे बोचके घेऊन त्यांना कडेवर शाळेत नेले होते, ती एवढीच उरली होती. त्यांनी दांडी डुलायची थांबेपर्यंत वाट पाहिली, पुन्हा पाहिले आणि आकडा लिहिला.

बाहेर येऊन त्यांनी एकूण वजन सांगितले. ते जास्तच होते.

"मंग मी म्हटलं तेच," भैयाजी म्हणाले.

"नाही, भैयाजी." रुपराव नेहमीच्या वर्गातल्या आवाजात बोलले. "माय उतरली तर तांदळाच्या एका पोत्याएवढंही वजन हलकं होत नाही. साऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरी ठेवलं तरी टपावरचा तांदूळ त्यांच्यापेक्षा जड आहे. आणि तो टपावर आहे, म्हणजे वळणावर त्याचा त्रास आणखी. गाडीला माणसं जड झालेली नाहीत."

भैयाजींनी पोत्यांकडे पाहिले. त्यांच्या वडिलांच्या नावाचे दान होते ते. त्यांचा चेहरा उतरला, आणि रुपरावांना ते बरे वाटले नाही.

"दान जाईल," ते म्हणाले. "गोरखपूरपर्यंत रेल्वेनं पाठवू. गाडीला लागणारे सारे घाट गंगेच्या अलीकडे आहेत. गोरखपूरनंतर सपाट रस्ता आहे, नाक्यापर्यंत आणि पुढे लुंबिनीपर्यंत तिथून दुसरी गाडी करून देता येईल."

"पण पोत्यासंग राखणीले कोणी पायजे ना," पंचफुला म्हणाली. "कोणी जबाबदार माणूस. अन् तो बी गाडीतून कमी झाला तं..." तिने भैयाजींकडे नुसते पाहिले.

भैयाजींनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. "जाईन," ते म्हणाले. "रेल्वेत झोप तरी लागन. इथं तुह्या तोंडापायी लागली नसती."

पुढच्या आठवड्यात रामटेकच्या त्याच उतारावर चंपतरावांनी गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली. वास आला नाही. मुरमाचा ढीग तिथेच होता. त्याच्याजवळ त्यांनी मुद्दाम एकदा थांबवली आणि रुपरावांकडे पाहून मान हलवली.

*

निघायच्या सकाळी विहारापुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. हलकी माणसे मागच्या चाकाच्याही मागे बसवायची, असे रुपरावांच्या आखणीत होते. गाडीचा तोल त्याने साधतो. पण मागे हादरे जास्त बसतात. त्यांनी आदल्या दिवशी जॅक आणि जादा चाक मागे हलवून तो तोल साधला होता आणि पुढची, चंपतरावांच्या शेजारची जागा मोकळी केली होती.

तुळसाबाई तिथे बसली. पांढरे लुगडे, मांडीवर पितळेची लहान डबी, येताना माती आणायला. रुपरावांनी तिच्या कमरेमागे गोधडीची घडी सारखी केली.

"रुपा, त्या दिवशी मी किती भरली, ते सांगतलं नाही तू."

मागच्या बाकांवरच्या बाया ऐकत होत्या. रुपरावांनी दार लावले, कडी ओढून पाहिली आणि खिडकीशी वाकले.

"गाडीले समजलंच नाही, माय."

तिने मांडीवरच्या डबीवर हात ठेवला.

"जाताना नाही समजलं, बरं झालं," ती म्हणाली. "येताना भगवंताची माती संग असन, मंग समजन. तवा नीट मोजजो."

रुपराव चंपतरावांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. चंपतरावांनी हातब्रेक सोडला. डाव्या दाराला तेल दिलेले होते; ते मुळीच वाजले नाही. तरीही गाडी हलण्याआधी रुपरावांनी मान वळवली आणि प्रत्येक बाकावरचा प्रत्येक चेहरा एकदा पाहून घेतला.